रॉबर्ट बेकवेल: मेंढे विकण्याऐवजी भाड्याने देणारा शेतकरी

जालना जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडून मे-जूनमध्ये एक प्रश्न दरवर्षी येतो. यंदा पैदाशीसाठी मेंढा कोणता आणावा? माडग्याळ आणावा, दख्खनीच ठेवावा, की फलटणचा नारी सुवर्णा? अलीकडे हा प्रश्न जास्त येतो, कारण राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक मेंढा असा गट मिळतो. वीस माद्यांचे पुढचे सगळे त्या एकाच नरावर अवलंबून असते.

उत्तर देण्याआधी मी उलटा प्रश्न विचारतो. या नराची सगळी कोकरे तुम्ही बाजारात नेणार, की त्यातल्या माद्या कळपात ठेवणार? बरेच जण गोंधळतात, कारण दोन्ही करायचे असते. नर कोकरे विकायची आणि मादी कोकरे म्हाताऱ्या मेंढ्यांच्या जागी ठेवायची. विक्रीच्या कोकरांचा बाप आणि कळपात राहणाऱ्या मेंढ्यांचा बाप एकच असला पाहिजे असे नाही, हे सहसा कोणाच्या मनात आलेले नसते.

ही गोष्ट नीट समजायची तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज शेतकऱ्याचे आयुष्य पाहावे. मेंढ्यांच्या पैदाशीत त्यांच्याइतके नाव कोणी कमावले नाही, आणि त्यांनी केलेली चूकही आपल्याला आजच्या दिवशी उपयोगी पडणारी आहे.

डिशलेचे शेत

रॉबर्ट बेकवेल यांचा जन्म १७२५ साली इंग्लंडमधल्या लेस्टरशायर परगण्यात, लफबरो गावाजवळच्या डिशले येथे झाला. शेत सुमारे ४४० एकरांचे होते, पण स्वतःच्या मालकीचे नव्हते. आजोबा आणि वडील कुळ म्हणून ते कसत आणि बेकवेलही शेवटपर्यंत कूळच राहिले. तरुणपणी ते गावोगाव फिरले, इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांत आणि युरोपातही जाऊन लोक जनावरे कशी सांभाळतात ते पाहून आले. १७६०च्या सुमारास कारभार त्यांच्या हाती आला. लग्न केले नाही. घर बहीण हॅना सांभाळत असे आणि घरात पाहुण्यांची वर्दळ कायम असे.

पाहुणे येत ते शेत बघायला. ओढ्याचे पाणी पाटांनी कुरणावर फिरवून बेकवेल वर्षात गवताच्या अनेक कापण्या घेत. मोठमोठे वळू एखादे पोर हातात छडी घेऊन सहज नेई, कारण जनावराला मारायचे नाही हा तिथला शिरस्ता होता. घरात मेलेल्या मेंढ्यांचे सांगाडे मांडलेले असत. मांसाचे तुकडे खारवून ठेवलेले असत, म्हणजे कोणत्या पिढीत हाड किती बारीक झाले आणि चरबी किती जाड झाली हे शेजारी शेजारी ठेवून बघता येई. आपण वजनाची नोंद वहीत ठेवतो, त्यांनी ती खारवून बरणीत ठेवली असे म्हणायला हरकत नाही.

त्या काळी मेंढीकडे लोक लोकरीसाठी बघत. मांस हे जोडउत्पन्न होते, तेही मेंढी म्हातारी झाल्यावर. पण गावे सोडून लोक कारखान्यांच्या शहरांत जात होते आणि त्यांना खायला मटण हवे होते. बेकवेल यांनी हे वेळेत ओळखले. लांब लोकरीच्या, उंच, हाडापेराने मोठ्या जुन्या लेस्टर आणि लिंकन मेंढ्या घेऊन त्यांनी निवड सुरू केली. बारीक हाड, गोल धड, आखूड पाय, लवकर भरणारे अंग, हे त्यांनी आधी मनाशी ठरवले आणि मग जनावरे शोधली. हवे ते जमले की बाप-लेक, भाऊ-बहीण असे जवळचे संबंधही त्यांनी टाळले नाहीत, त्यामुळे गुण पक्के झाले. त्यातून जी मेंढी तयार झाली तिला न्यू लेस्टर किंवा डिशले लेस्टर म्हणतात. तोवर मेंढी खाटकाकडे जायला तीन-चार वर्षे लागत. ही त्याआधीच तयार होई.

जवळच्या नात्यातली पैदास त्यांनी केली म्हणून तुम्ही करू नका. त्यांच्याकडे मोठा कळप होता, खराब निघालेले जनावर ते निर्दयपणे काढून टाकत, आणि तरीही त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. ती कशी, ते पुढे येईलच. वीस मेंढ्यांच्या कळपात बाप लेकीवर सोडला तर दोन-तीन पिढ्यांत कमजोर कोकरे, वांझ मेंढ्या आणि मरतुक वाढलेली दिसते.

नर भाड्याने

आता त्यांच्या खऱ्या शहाणपणाकडे येऊ. चांगला मेंढा तयार झाला तर आपण काय करू? चढ्या भावाने विकू. बेकवेल यांनी विकला नाही, एका हंगामासाठी भाड्याने दिला. १७६०च्या सुमाराला पहिले मेंढे गेले तेव्हा एका नराचे भाडे एका गिनीपेक्षाही कमी मिळाले. लोकांनी हसून घेतले असणार. पंचवीस-तीस वर्षांनी त्याच डिशलेच्या नरांना शेकडो गिनी मिळू लागल्या आणि १७८९ सालच्या एका हंगामाचे एकूण भाडे तीन हजार गिनींहून कमी नव्हते, अशी जुनी नोंद आहे. टू पाउंडर नावाचा त्यांचा एक मेंढा तर सगळीकडे गाजला.

पैसा हा भाड्याचा एक फायदा. दुसरा मला जास्त मोलाचा वाटतो. भाड्याने गेलेले नर वेगवेगळ्या शेतांवर, वेगवेगळ्या चाऱ्यावर, वेगवेगळ्या माद्यांवर चालत. पुढच्या वर्षी बेकवेल त्यांची कोकरे पाहायला जात. ज्या नराची संतती चारही ठिकाणी चांगली निघाली तो नर परत आणून आपल्या माद्यांसाठी ठेवत. नर दिसायला कसा आहे यापेक्षा त्याची पिल्ले कशी निघाली यावरून त्याची पारख करायची, ही आजच्या संतती चाचणीमागची रीत त्यांनी दुसऱ्यांच्या चाऱ्यावर आणि भाडे घेऊन चालवली.

तुम्ही ही रीत आजही वापरू शकता. भोकरदन, जाफराबादकडे एकाच भावकीचे चार-पाच वाडे जवळ असतात. दोन नर दोन वर्षे आळीपाळीने फिरवा, कोकरांच्या कानात बिल्ले घाला, तीन महिन्यांचे वजन लिहा. तिसऱ्या वर्षी कोणता नर ठेवायचा हे बाजारातल्या दलालाला विचारावे लागणार नाही. नर बदलत राहिल्याने बाप-लेकीचा संबंधही आपोआप टळतो. एक काळजी मात्र घ्या. नर दुसऱ्या कळपात जाण्याआधी पशुवैद्यकाकडून तपासून घ्या, कारण गर्भपात घडवणारा ब्रुसेल्लोसिससारखा रोग एका नराबरोबर चारही वाड्यांत जाऊ शकतो.

बेकवेल यांचा स्वभाव मात्र सरळ नव्हता. वाण कसा तयार केला हे त्यांनी कधी पूर्ण सांगितले नाही, पुस्तक लिहिले नाही. १७८०च्या दशकात मेंढेवाल्यांची डिशले सोसायटी स्थापन झाली, तिने भाड्याचे किमान दर ठरवले आणि आतल्या गोष्टी बाहेर न जाऊ देण्याचे नियम केले. खाटकाला द्यायच्या मेंढ्या ते आधी मुद्दाम दलदलीच्या कुरणात चारत, म्हणजे यकृतात पर्णकृमी होऊन त्या पैदाशीला कोणी वापरू नये, असाही आरोप त्यांच्यावर होत असे. इतके सगळे करून पैसा टिकला म्हणावे तर तेही नाही. १७७६ साली त्यांची दिवाळखोरी जाहीर झाली. प्रयोगाचा आणि पाहुणचाराचा खर्च भाड्याच्या पुढे धावत होता. त्यातून ते सावरले, आणि मोठी भाडी त्यानंतरच आली.

अंगावर मांस आले, कासेतले दूध गेले

आता चुकीकडे. न्यू लेस्टरची पाठ चरबीने इतकी भरे की खानदानी लोक ते मटण नको म्हणत. कामगारांना ते चाले, कारण चरबी स्वस्त आणि पोटभरीची. यापुरते बाजारावर सोडून देता येईल. पण शुद्ध न्यू लेस्टरची मादी आई म्हणून कमी पडू लागली. जुळी कमी, दूध कमी, कोकरू नाजूक. निवड करताना बेकवेल यांनी बघितले ते खाटकाच्या नजरेने, धड आणि मांडी. कास, वेत आणि कोकरू वाढवण्याची ताकद त्यांच्या यादीत खाली गेली. ज्या गुणाकडे तुम्ही बघत नाही तो तिथेच थांबत नाही, घसरतो. जवळच्या नात्यातल्या पैदाशीने ही घसरण आणखी वाढवली.

त्यांच्या लाँगहॉर्न गाईंचेही तसेच झाले. अंगावर मांस आले, दूध आणि गाभण राहणे मागे पडले, आणि काही वर्षांतच त्यांची जागा शॉर्टहॉर्न गाईंनी घेतली. गंमत अशी की शॉर्टहॉर्न सुधारणारा चार्ल्स कॉलिंग डिशलेला येऊन बेकवेल यांच्याकडूनच शिकून गेला होता.

मग न्यू लेस्टर वाया गेली का? नाही. इंग्लंडच्या उत्तरेतले जॉर्ज आणि मॅथ्यू कली हे भाऊ बेकवेल यांचे शिष्य होते. ते १७६७ साली नॉर्थम्बरलँडला राहायला गेले आणि डिशलेचे नर सोबत नेले. तिथे पुढे बॉर्डर लेस्टर नावाची जात तयार झाली आणि तिच्यातून नंतर ब्लूफेस्ड लेस्टर. या जातींचा उपयोग तिथल्या मेंढपाळांनी वेगळ्या प्रकारे केला. डोंगरातल्या काटक शेव्हिएट मेंढीवर बॉर्डर लेस्टरचा नर सोडला आणि त्यातून आलेली संकरित मादी खाली मैदानातल्या शेतकऱ्यांना विकली. तिला आईचा काटकपणा, बापाचे अंग, आणि संकरामुळे जुळी व दूध दोन्ही. स्वेलडेल मेंढीवर ब्लूफेस्ड लेस्टर सोडून होणारी म्यूल मेंढी ब्रिटनमध्ये आजही मोठ्या संख्येने आहे. ऑस्ट्रेलियात मेरिनोवर बॉर्डर लेस्टर सोडून मिळणारी मादी मटणाच्या कोकरांची आई म्हणून ठेवतात. आणि या संकरित मादीवर तिसऱ्याच, मांसाच्या जातीचा नर सोडतात. ती कोकरे सगळी बाजारात जातात, त्यातली एकही मादी कळपात ठेवत नाहीत.

म्हणजे तिथे आईचा बाप वेगळा आणि कोकराचा बाप वेगळा. जालन्याच्या शेतकऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. तुमच्यातल्या अनेकांनी बियाणे कंपन्यांचे कापसाचे, भाज्यांचे प्लॉट केले आहेत. नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या, आणि संकरित बियाणे दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरले की झाडे एकसारखी राहत नाहीत, हे तुम्ही हाताने अनुभवले आहे. मेंढीत नियम तोच आहे, फक्त चूक कळायला चार महिन्यांऐवजी तीन वर्षे लागतात.

आपल्या दख्खनीवर काय झाले

आपल्याकडेही दख्खनी मेंढीवर मेरिनो आणि रॅम्बुलेट नरांचे संकर झाले. हेतू लोकर तलम करण्याचा होता. पण आपल्या मेंढपाळाचे पैसे लोकरीतून नव्हे, कोकरातून येतात. घोंगडीला लागणारी काळी जाड लोकरही आज कातरणीचा खर्च भरून काढत नाही. जी गोष्ट विकायची नाही ती सुधारून कळपाला काय मिळणार?

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने प्रश्न उलट बाजूने धरला. बनबिहारी निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढपाळाचे उत्पन्न कशाने वाढेल हे आधी बघितले. दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली लहानशी गारोळ मेंढी जुळी-तिळी देते आणि हा गुण एका जनुकामुळे येतो. त्या जनुकाला फेक-बी म्हणतात. बेकवेल हयात असतानाच, १७९२-९३ मध्ये, बंगालच्या मेंढ्या कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या, आणि तिथल्या बुरुला मेरिनो मेंढीतले हेच जनुक त्यांच्यातून आले असे मानले जाते. फलटणला ते जनुक गारोळमधून दख्खनीत आणले, अंग मात्र दख्खनीसारखे मोठे ठेवले आणि त्यातून नारी सुवर्णा तयार झाली.

हा नर घेताना एक गोष्ट विचारा. त्याच्यात या जनुकाच्या दोन प्रती आहेत की एक? रक्ताच्या डीएनए चाचणीने ते कळते. दोन प्रती असतील तर त्याच्या सगळ्या मुलींत जनुक येते, एक असेल तर साधारण निम्म्या मुलींत. एक प्रत असलेली मेंढी बऱ्याच वेतांत जुळी देते आणि सांभाळली तर ती वाढवते. पण त्याच मुलींवर पुन्हा दोन प्रतींचा नर सोडला तर निम्म्या नातींत दोन प्रती जमतात, तिळी येतात, कोकरे जन्मतःच हलकी असतात आणि दूध पुरत नाही. म्हणून सुवर्णाच्या मुलींवर पुढचा नर साधा दख्खनी किंवा मांसाच्या जातीचा घ्या.

आणखी एक. उन्हाळ्यात कळप घेऊन गोदाकाठाला, अंबड-घनसावंगीकडे चालत जाणाऱ्या मेंढपाळाने हा नर आणण्याआधी दहा वेळा विचार करावा. दोन कोकरे कासेला घेऊन आई रोज दहा-बारा किलोमीटर चालली तर एक कोकरू जाते आणि कधी आईही खंगते. अर्धबंदिस्त गोठा, गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात रोजचा खुराक आणि सोयाबीन किंवा तुरीचे भूस साठवायची सोय असेल तरच जुळी परवडतात.

माडग्याळचा मोह मला समजतो. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाचा हा मेंढा उंच, बाकदार नाकाचा, वजनदार, अंगावर लोकर अगदी कमी. बाजारात त्याच्याभोवती गर्दी होते. विक्रीच्या कोकरांसाठी तो चांगला बाप आहे. त्याच्या मुली मात्र अंगाने मोठ्या होतात आणि मोठे अंग रोज जास्त चारा मागते. पावसाने ओढ दिली की कापसाच्या पऱ्हाट्यांतून फिरणाऱ्या कळपात आधी खंगतात त्या याच. भोकरदन तालुक्यातल्या एका कळपात सगळ्या दख्खनी मेंढ्या चार वर्षांत माडग्याळ संकरात बदललेल्या मी पाहिल्या. कोकरे वजनदार होती, भाव चांगला मिळाला. पण दुष्काळी वर्षात अर्ध्या मेंढ्या माजावरच आल्या नाहीत, आणि मूळ दख्खनी मेंढ्या परत आणायला मालकाला आणखी चार वर्षे लागली. नर मीच चांगला आहे म्हटले होते. मुली ठेवणार का हे विचारायचे राहिले, तेव्हापासून विचारतो.

चाळीस मेंढ्यांचा हिशेब

समजा तुमच्याकडे चाळीस मेंढ्या आहेत. दरवर्षी पाचवा हिस्सा, म्हणजे आठ म्हाताऱ्या, दात गेलेल्या, कास बिघडलेल्या मेंढ्या काढायच्या. तेवढ्या नव्या माद्या लागणार. एकच कोकरू देणाऱ्या पंचवीस मेंढ्यांपैकी दोन-तीन रिकाम्या राहतात. उरलेल्यांची निम्मी कोकरे मादी, त्यातल्या एक-दोन मरतात. म्हणजे नऊ-दहा मादी कोकरे हाती येतात आणि त्यातून आठ निवडता येतात. तर पंचवीस चांगल्या मेंढ्यांवर मुलींसाठी निवडलेला नर सोडा. उरलेल्या पंधरांवर माडग्याळ किंवा दुसरा मांसाचा नर सोडा आणि त्यांची सगळी कोकरे, नर असो वा मादी, विका. जुळी देणाऱ्या मेंढ्या वाढल्या की पहिला गट लहान करता येतो.

दोन नर सांभाळायचे तर त्या दीड-दोन महिन्यांत दोन गट वेगळे ठेवावे लागतात, हा त्रास खरा आहे. जमत नसेल तर शेजाऱ्याशी वाटून घ्या: एका वाड्यात एक नर, दुसऱ्यात दुसरा, आणि मेंढ्यांची अदलाबदल. पाठीवर रंगाची खूण केली की गोंधळ होत नाही.

पंचवीस मेंढ्यांसाठीचा नर निवडताना त्याच्या अंगाआधी त्याची आई बघा. शक्य असेल तर तिच्या वाड्यावर जाऊन बघा. तिने किती वेत दिले, जुळी झाली का, दोन्ही वाढली का, कास दोन्ही बाजूंनी सारखी आहे का. मग नराचे दात, खूर आणि अंडकोश बघा. अंडकोश मोठे, सारखे आणि दाबल्यावर घट्ट असावेत, गाठ नसावी. बाजारातल्या नराची आई दिसत नाही, म्हणून पैदाशीचा नर बाजारातून घेऊ नये असे माझे मत आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आपल्या जवळ पडेगाव येथे आहे, तिथे चौकशी करा.

बेकवेल १ ऑक्टोबर १७९५ रोजी डिशले येथे वारले. मोठी संपत्ती मागे ठेवली नाही, शेत भाच्याकडे गेले. शुद्ध लेस्टर लाँगवूल मेंढी आज दुर्मीळ जातींत गणली जाते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आपल्याकडच्या बहुतेक मेंढ्या माजावर येतात आणि पाच महिन्यांनी, नोव्हेंबरपासून, कोकरे येतात. तेव्हा नर मे महिन्यातच आणा. तीन आठवडे वेगळा बांधा, जंताचे औषध आणि लसीकरण पूर्ण करा, रोज पाव किलोच्या आसपास खुराक सुरू करा. पशुवैद्यकीय तपासणी राहिली असेल तर ती याच दिवसांत होते. नर आणि माद्यांच्या निवडीबद्दल शंका असेल तर खरपुडी किंवा बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आणि जाताना मागच्या दोन वर्षांत कोणत्या मेंढीने काय दिले याची वही सोबत न्या.